पवन्याच्या माळावरची झाडं

गोपीनाथ शेलार बहरीनला आला तेव्हा फावडं मारणारा मजूर होता. आज तो त्याच लँडस्केपिंग कंपनीत फोरमन आहे. हाताखाली नेपाळी, बांगलादेशी, बिहारी माणसं आहेत, फिरायला कंपनीचं पिकअप आहे आणि तुबलीत गॅरेजांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर स्वतःची खोली आहे. सखीरकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेची कडुनिंबाची रांग त्याने उभी केली, आणि ती दाखवताना त्याची छाती फुगते.

झाड जगवणं म्हणजे काय असतं ते त्याला इथं कळलं. वाळूत खड्डा घ्यायचा, बाहेरून आणलेली माती भरायची, ठिबकची नळी मुळाशी आणायची आणि मग ती नळी कधी बंद पडू द्यायची नाही. "इथं झाड म्हणजे दवाखान्यातला पेशंट," तो आम्हा इथल्या मराठी मित्रांना सांगायचा. "सलाइन काढलं की खलास." वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाला जिथं झाड नाही ती जमीन मेलेली दिसू लागते. गोपीनाथला सुट्टीत गावी गेल्यावर आपला डोंगरही तसाच दिसायचा.

त्याचं गाव आंबेघोळ, साताऱ्याकडे जावळीच्या डोंगरात. गाव पायथ्याला, आणि गावाच्या डोक्यावर पसरट माळ. त्याला पवन्याचा माळ म्हणत, कारण पवन्या नावाचं गवत तिथं कमरेएवढं वाढायचं. पावसाळाभर तो माळ गाव राखायचं. एकही जनावर वर सोडायचं नाही. दसरा उलटला, गवत पिवळं पडलं, त्याचं बी खाली झडलं, की जाणती माणसं दिवस ठरवत आणि नारळ फोडून कुरण मोडत, म्हणजे कापणीला मोकळं करत. प्रत्येक घराचा वाटा वाडवडिलांपासून ठरलेला होता. सगळं गाव विळे घेऊन वर जायचं, गवत कापायचं, पेंढ्या बांधायचं आणि भारे डोक्यावरून खाली आणायचं. त्या गवतावर गावातली गुरं पुढचा पाऊस येईपर्यंत तगायची.

गोपीनाथला त्या गवताचा राग होता. त्याची कुसळं कपड्यांत शिरत, मानेला टोचत, अंथरुणात सापडत. पण खरा राग कुसळांचा नव्हता. तो शाळकरी असताना त्याची आई भारा घेऊन उतरत होती. वरच्या टप्प्यावरच्या निसरड्या वाटेवर तिचा पाय सुटला आणि ती भाऱ्यासकट खालच्या खडकावर आदळली. खुबा मोडला. त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही. मरेपर्यंत ओटीवर पडून होती, आणि तिचं सगळं काढलं ते थोरल्या बहिणीनं, सुमनबाईनं. गोपीनाथ तिला आक्का म्हणतो. आक्काचा नवरा लवकर गेला. मग ती मुलीला, अक्षताला, घेऊन माहेरीच राहिली. चार म्हशी, थोडी नाचणी आणि माळावरचा घरचा वाटा एवढ्यावर तिनं संसार ओढला. गोपीनाथ बहरीनहून जमेल तसं पाठवायचा, आणि फोनवर दरवेळी म्हणायचा, "म्हशी विक. ते गवत सोड."

आक्का म्हणायची, "तुझं तू बघ."

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इथल्या मराठी मंडळानं ठरवलं, की नुसतं गणपती आणि हळदीकुंकू पुरे झालं, गावासाठी काहीतरी करायचं. सेक्रेटरी अनिरुद्ध एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. माणूस हुशार आणि मनापासून काम करणारा. त्याने सभेत पडद्यावर चित्रं दाखवली. महाराष्ट्रातला एखादा बोडका डोंगर दत्तक घ्यायचा, तिथं हजारो झाडं लावायची. डोंगर कुठला, एवढंच ठरायचं होतं.

मागच्या खुर्च्यांवर बसणारा गोपीनाथ त्या दिवशी पहिल्यांदा उठला. मंडळात तो यायचा तो मांडव घालायला आणि खुर्च्या लावायला. बोलायला नाही. घसा खाकरून म्हणाला, "आमच्या गावाच्या डोक्यावर आहे असा डोंगर. एक झाड नाही. वीस-बावीस वर्षं मी इथं वाळूत झाडं लावली. एकदा मातीत लावून बघू द्या."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाक्यच तसं होतं.

फोटो पाहिजे म्हणून त्याने अक्षताला सांगितलं. तिनं त्याच दिवशी काढून पाठवला. तो चैत्राचा महिना होता. गवत कापून नेलेलं, उरलेलं गुरांनी चरून संपवलेलं. फोटोत नुसती तपकिरी माती आणि खडक दिसत होते. अनिरुद्धने तो फोटो पाहून हळहळ व्यक्त केली. भाद्रपदात काढला असता तर त्यात निळ्या-पिवळ्या फुलांचे पट्टे दिसले असते, गुडघाभर गवत दिसलं असतं. पण भाद्रपदात कुणी फोटो मागितला नव्हता.

आक्काला बातमी कळली तशी तिनं स्वतः फोन लावला. ती कधी फोन लावत नसे.

"गोपी, माळावं झाडं लावताय म्हनं?"

"व्हय. सगळा डोंगर हिरवा करणार. आपल्या गावाचं नाव होईल आक्का."

"मग गवत?"

"गवताचं काय घेऊन बसलीस? बोडका डोंगर तो—"

"बोडका कुणाला म्हणतुयास?" आक्काचा आवाज चढला. "तिथं काय न्हाई असं सांगितलंस व्हय तिथल्या लोकांस्नी? माझ्या म्हशी काय वारा खाऊन दूध देत्यात? टिटवीनं अंडी कुठं घालायची? लाव्हरीनं कुठं जायचं? आन् आपला झरा का वाहतुय ते तरी ठावं हाय का तुला? वरचं गवत पावसाला धरून ठेवतंय म्हणून वाहतुय त्यो."

"झाडं त्याहून जास्त पाणी धरतात. शाळेतली पोरंसुद्धा सांगतील."

"कसली झाडं लावनार?"

"लवकर वाढतात ती. ऑस्ट्रेलियन बाभूळ."

"तिच्याखाली दुर्वा तरी उगवतीय का, ते बघितलंयस कधी?"

गोपीनाथला राग आला. त्या रागात तो बोलून गेला, "आईचा खुबा त्या गवतापायी मोडला. विसरलीस तू?"

आक्का म्हणाली, "तिचं हागमूत मी काढलंय. मी कशी इसरीन? आई घसरली ती वाटंनं. वाट बांध म्हणून गावाला किती येळा सांगितलं. वाट बांधली न्हाई कुणी. आता माळच काढताय." आणि तिनं फोन ठेवला.

ग्रामसभा झाली. गावातले बहुतेक पुरुष पुण्याला, वाशीला, कुणी पाचगणीच्या हॉटेलांत. त्यांच्यातले निम्मे फोनवरूनच हजर होते. गवत कापणारी घरं आता सात-आठ उरली होती आणि त्यांतही कापणाऱ्या सगळ्या बाया. त्या सभेच्या कडेला बसल्या होत्या. आक्का उठून बोलू लागली. तेव्हा गोपीनाथ बहरीनहून व्हिडिओ कॉलवर होता, सरपंचाच्या फोनमध्ये, सगळ्यांना दिसेल असा धरलेला. तो हसत म्हणाला, "आक्काचं मनावर घेऊ नका. ती जुन्या वळणाची. बायांना गवताची सवय लागलीय, सोडवत नाही." पुरुष हसले. ठराव झाला.

पुढचं सगळं नीट पार पडलं, आणि तेच वाईट झालं. जेसीबीनं माळ उकरून खड्डे घेतले. पाऊस वेळेवर आला. रोपं लागली. मंडळानं पहिली तीन वर्षं राखणदार ठेवला, तारेचं कुंपण घातलं, वाटेवर कमान उभारली. कमानीच्या बाजूच्या फलकावर मंडळाचं नाव आणि त्याखाली 'प्रेरणा : श्री. गोपीनाथ शेलार'. बहरीनला पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात त्याला शाल-श्रीफळ दिलं. आता तो पुढच्या रांगेत बसू लागला. अनिरुद्धची बायको भावना त्याला "गोपीनाथकाका, या ना, इथे बसा" म्हणून हाताला धरून न्यायची. खुर्च्या आता दुसरे लावत.

त्याच काळात अरादला हमीद नावाच्या म्हाताऱ्या बहरीनी माणसाच्या घरी काम निघालं. आवारातल्या कोनोकार्पसच्या झाडांची मुळं पाण्याच्या पाइपांत शिरली होती, ती झाडं मुळासकट काढायची होती. काम संपल्यावर हमीदनं चहा दिला, आणि गोपीनाथनं त्याला मोबाइलवर आपल्या डोंगराचे फोटो दाखवले. आता तिथं डोक्याएवढी बाभळ होती.

"माशाल्ला," हमीद म्हणाला. "पहले इधर क्या था?"

"मफी. कुछ नहीं. खाली घास."

"घास?" हमीदनं फोन जवळ घेतला. "पानी कौन देता था?"

"कोई नहीं. बारिश में अपने आप आता था. हर साल."

"अपने आप?" म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. "हर साल? पाइप नहीं, मोटर नहीं?" त्याला ते खरंच वाटेना. गोपीनाथ हसला. खोलीवर येऊन आम्हाला त्यानं हा किस्सा विनोद म्हणूनच सांगितला, आणि आम्हीही हसलो.

आक्का फोनवर माळाचं काही बोलत नसे. बातम्या यायच्या त्या अक्षताकडून. कुंपणामुळे वर जायला बंदी झाली होती. तरीही एकदा आक्का गेली. तारेखालून शिरली आणि झाडांच्या ओळींमधलं उरलंसुरलं गवत कापू लागली. राखणदारानं तिला धरलं. शेजारच्याच गावचा माणूस, पण नोकरी ती नोकरी. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याच भावाचं नाव हाय बोर्डावर. तुम्हीच असं केलं तर मी काय सांगू वर?" त्यानं विळा काढून घेतला नाही, पण कापलेलं गवत तिथंच टाकायला लावलं. अक्षतानं हे सांगितलं तेव्हा गोपीनाथनं राखणदाराला फोन करून झापलं. पण "बाईला गवत कापू दे" असं काही त्यानं सांगितलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच म्हणाला. ग्रामसभेत कुंपणाचं ठरलं तेव्हा तोच हे बोलला होता.

मागच्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली. तो फाल्गुनात घरी पोचला. आक्कानं पाणी दिलं, चहा ठेवला. चहा पातळ लागला म्हणून त्यानं विचारलं.

"पिशवीचं दूध हाय," आक्का म्हणाली.

गोठ्यात एकच म्हैस होती, तीही भाकड. बाकीच्या तिनं एकेक करून विकल्या होत्या. विकतचा कडबा परवडत नव्हता, आणि ही डोंगरातली म्हैस त्या कडब्यावर दूधही धरत नव्हती. गावातल्या इतर बायांचंही तेच झालं होतं. डेअरीची गाडी आता आंबेघोळला वळत नव्हती.

"झऱ्याला पाणी हाय ना?" त्यानं विचारलं.

"माघातच आटला. बाया खालच्या वाडीवरनं आनत्यात."

"आधी कधी आटला होता?"

"तूच सांग की. तू काय ह्या गावचा न्हाईस?"

नाचणीच्या शेताचं कुंपण मोडलेलं त्याला दिसलं. बाभळीच्या रानात आता डुकरं राहत होती आणि रात्री उतरून पिकं उकरत होती. मोकळ्या माळावर डुकराला लपायला जागाच नसायची.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर गेला. कमानीखालून गेला. स्वतःचं नाव वाचलं. झाडं जोरात होती. बहरीनला एवढं झाड करायला किती वर्षं, किती पाणी लागलं असतं, हे त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. तो आत शिरला. खाली वाळक्या पानांचा जाड थर होता. पायांखाली कुरकुर वाजत होता. त्यानं एका ठिकाणी बसून थर हातानं बाजूला केला. खाली काळपट, कोरडी, उघडी माती. पवन्याचा एक थोंब सापडला. ओढला तर मुळासकट हातात आला, सडलेला.

तो मला सांगत होता, "पाखरूच नव्हतं रे. चंडोल नाही, टिटवी नाही. लहानपणी टिटवी डोक्यावर येऊन ओरडायची, आम्ही दगड मारायचो. नुसतं शांत. वारा झाडांतून जातो तेवढाच आवाज." कुठल्यातरी कडेला थोडं गवत वाचलं असेल म्हणून तो पार टोकापर्यंत फिरला. कड्याच्या धारेवर, जिथं जेसीबी पोचला नव्हता, तिथं एक चिंचोळी पट्टी होती. बाकी काही नव्हतं.

घरी येऊन त्यानं आक्काला विचारलं, "ही झाडं काढली तर गवत पुन्हा येईल?"

आक्का भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बी कुठनं आननार?"

"जमिनीत असेल की जुनं."

"गवताचं बी दरसाल पडतंय, दरसाल उगवतंय. जोंधळ्यासारखं कणगीत राहत न्हाई ते. चार पावसाळं बी पडलंच न्हाई वर. कड्यावं हाय थोडं, ते पसरंल तवा पसरंल. तुझ्या-माझ्या हयातीत न्हाई." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "जेव आता."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. निघताना त्यानं पाया पडायला वाकून "चुकलं माझं" म्हटलं, तर तिनं पाय मागे घेतले आणि म्हणाली, "माझ्या पाया पडून काय व्हनार?"

बहरीनला परतल्यावर तो सरळ अनिरुद्धच्या घरी गेला. अनिरुद्धनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, हे खरं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं, झाडं तोडायची?"

"सगळी नाही. निम्मी तरी. कड्याकडची आधी. तिथनं गवत आत सरकेल."

"गोपीनाथराव, मंडळानं झाडं तोडली, ही बातमी कशी दिसेल? लोकांनी मुलांच्या वाढदिवसाला झाडं दिलीत तिथं. प्रत्येकाच्या नावाचं झाड आहे. मी त्यांना काय सांगू, की तुमच्या मुलाचं झाड तोडलं, कारण तिथं गवत पाहिजे?"

"व्हय. तसंच सांगा."

अनिरुद्ध कसनुसा हसला. "आणि पाण्याचं म्हणाल तर पाऊसच कमी झालाय सगळीकडे. ते झाडांवर ढकलून कसं चालेल? उलट झाडं अजून हवीत. दुसरा टप्पा ठरलाच आहे आपला. वेळंब्याचा डोंगर."

वेळंबं म्हणजे आंबेघोळच्या पलीकडचं गाव. तिथल्या माळावर अजून गवत कापलं जायचं.

पुढच्या सभेत गोपीनाथ उठला. दुसऱ्यांदा. पण या वेळी त्याला वाक्य सापडलं नाही. तो टिटवीचं बोलला, पिशवीच्या दुधाचं बोलला, मग आईचं बोलू लागला आणि अडखळला. हॉलमध्ये लोक चुळबुळ करू लागले. पोरं बापाला इंग्रजीत विचारू लागली, की हे काका रडतायत का. भावनानं पाण्याचा ग्लास नेऊन दिला. अनिरुद्ध माइकवरून म्हणाला, "गोपीनाथराव नुकतेच गावाहून आलेत, भावुक झालेत. आपण समजू शकतो." टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांमध्ये तो खाली बसला. दुसरा टप्पा मंजूर झाला. विरोधात हात वर झाला तो एकट्या त्याचा.

मंडळ ऐकत नाही म्हणून त्यानं वेळंब्याच्या सरपंचाला, गणपतला, फोन लावला. ओळख होती, शाळेत पुढेमागे होते.

"गणपतराव, माळ देऊ नका. पाणी जाईल तुमचं. गुरं जातील."

"का बरं?" गणपत म्हणाला. "तुमच्या गावाला कमान झाली, पेपरात फोटो आला, तुमची शाल-नारळानं ओटी भरली. आमची पाळी आली की लगीच झाडं वाईट?"

"तसं नव्हं. एकदा आमच्या माळावर येऊन बघा."

"बघितला की. गेल्या महिन्यात मंडळानंच दाखवायला नेलं होतं." गणपतच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला खरंच तसं दिसलं होतं. "हिरवागार हाय."

गोपीनाथनं पुष्कळ सांगितलं. शेवटी गणपत म्हणाला, "शेलार, तुमचं तेवढं चांगलं व्हावं आणि दुसऱ्याचं होऊ ने, असला सोभाव बरा न्हाई." आणि हे त्यानं गावभर सांगितलं. आंबेघोळचा शेलार जळतोय म्हणून.

आक्कानं शेवटची म्हैस दिवाळीत विकली. घर बंद करून ती पाचगणीला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला लागली. भाजी चिरते, भांडी घासते. अक्षता तिथंच एका शाळेच्या ऑफिसात आहे. "तू पैसे पाठवू नको," असं आक्कानं अक्षताकरवी कळवलं. तरीही गोपीनाथ पाठवतो, आणि ते अक्षताच्या खात्यात पडून राहतात.

वेळंब्याला या पावसाळ्यात झाडं लागली. त्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फोटोंचा सडा पडला. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं, हातात रोपं, मागे ढग. एका फोटोत कडेला गावातल्या चार-पाच बाया उभ्या होत्या, कुणी बोलावलेल्या नव्हत्या, पदर तोंडावर धरून खड्ड्यांकडे बघत होत्या. खाली लोक बदामाची आणि टाळ्यांची चित्रं टाकत होते. थोड्या वेळानं गोपीनाथ ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ आली. तिच्याखाली लगेच पुढचे फोटो आले. का गेला, असं ग्रुपवर कुणी विचारलं नाही.